आपुलकी बाजारातली काको

गडचिरोलीत आपुलकी बाजार उघडला तेव्हा निम्मं गाव लोटलं होतं, आणि तेही खरेदीला नव्हे, गारव्याला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. अशा दिवसांत काचेचं दार सरकलं की आतली थंड हवा पायरीपर्यंत येते, आणि तीच त्या दुकानाची खरी जाहिरात. तेल, साबण, बादल्या, फ्रॉक, दप्तरं, सगळं एका छपराखाली मिळतं. आपुलकी तेवढी पाटीवर आहे.

मालक प्रवीण मुप्पिडवार. लोक त्यांना प्रवीणशेठ म्हणतात. शेठांना दुकानाइतकाच मोबाइलचा नाद. मागच्या दिवाळीत गर्दीत एका वकिलाचा मुलगा हरवला आणि टॉवेलांच्या ढिगामागे झोपलेला सापडला. शेठांनी त्याला कडेवर घेऊन व्हिडिओ काढला. वकील रडले, वकिलीणबाई रडल्या, शेठांनीही डोळे पुसून घेतले, आणि तो व्हिडिओ पार राजुऱ्यापर्यंत फिरला. तेव्हापासून दुकानात लेकरू हरवलं की बाकीच्यांचे चेहरे उतरतात आणि शेठांचा खुलतो. त्यांनी त्याची एक पद्धतच घालून दिली होती. लेकराला काउंटरवर बसवायचं, हातात लॉलीपॉप द्यायचा, माइकवरून पुकारा करायचा आणि घरचं माणूस येऊन रडेपर्यंत मोबाइल चालू ठेवायचा.

पुकारा करायचं काम रंजीता मडावीकडे होतं. धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली ही मुलगी बारावी होऊन शहरात आली, आणि टीव्हीवरच्या बातम्या ऐकून ऐकून तिने आपली जीभ अशी घासूनपुसून घेतली, की ती माइकवर बोलू लागली तर गिऱ्हाइकं मान वर करून बघत. ‘ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे’ यातला तिचा ‘कृपया’ ऐकण्यासारखा. घरी आईशी ती गोंडीत बोलायची. शहरात आल्यावर ते बोलणं फोनवर आलं, आणि आईचा फोन आला की ती मागच्या गोदामात जाऊन दार ओढून घ्यायची. आडनाव काही लपत नाही, मडावी म्हणजे गोंड हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्रवीणशेठ तिला वरचेवर म्हणत, “रंजीता, तू त्यातली वाटतच नाईस.” दुसरी कोणी असती तर तिला हे झोंबलं असतं. रंजीताला ते बक्षीस वाटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं तिला पक्कं कळलं होतं. शिवाय काउंटरची मुख्य बाई तिलाच करायचं शेठांच्या मनात होतं, आणि तसं त्यांनी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

त्या उन्हाळ्यात मोबाइलवर आणखी एक गोष्ट फिरत होती. लेकरं पळवणारी टोळी आली आहे, त्यातल्या बाया भिकारणीच्या वेशात फिरतात, काहीतरी हुंगवतात आणि लेकरू मुकाट त्यांच्यामागे जातं. कोणाचं लेकरू गेलं, कोणत्या गावचं, हे एकालाही सांगता येत नव्हतं. ज्याला त्याला ते दुसऱ्याने सांगितलं होतं, आणि दुसऱ्यावर आमचा फार विश्वास.

आता बुधरीचं सांगायला हवं. भामरागडच्या जंगलातली ही माडिया म्हातारी. कपाळावर आणि गालांवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, लुगडं गुडघ्यापर्यंत, पाय अनवाणी. तिची मुलगी स्वाती आपुलकी बाजाराच्या समोरच असलेल्या सरकारी दवाखान्यात नर्स. स्वातीची लेक मैनी अंगावरचं दूध सुटलं तशी आजीकडेच वाढली. तिला चालायला, बोलायला, नदीच्या पाण्यात डुंबायला आजीने शिकवलं. मैनीला माडिया बोलीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. आईच्या आईला त्या बोलीत काको म्हणतात, आणि मैनीचं उठता-बसता काको, खाता-पिता काको चाले. आता पोरीला बालवाडीत घालायचं म्हणून स्वातीने दोघींना शहरात आणलं होतं. लेकीला तिने गुलाबी फ्रॉक घेतला, चाललं की लाल दिवे लागतात असले बूट घेतले, आणि हे सगळं याच आपुलकी बाजारातून घेतलं.

त्या सकाळी स्वाती रात्रपाळी संपवत होती. तिने आईला फोन करून लेकीसह बोलावून घेतलं आणि दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली बसवलं. चार्ज देऊन येते, मग आत जाऊन मैनीला दप्तर घेऊ, असं सांगून ती पुन्हा दवाखान्यात गेली. बुधरीच्या मांडीवर बांबूची टोपली होती आणि टोपलीत चारोळी. रानातून वेचून, एकेक बी फोडून, लेकीसाठी आणलेली.

ऊन चढलं, सावली सरकली, तशी म्हातारी नातीला घेऊन दुकानाच्या पायरीशी आली. दारावर लच्छू होता. खाकी कपडे अंगावर चढल्यापासून लच्छू येणाऱ्याच्या तोंडाआधी पाय बघतो.

“ओ बाई, टोपली घेऊन आत नाई जाता येत. पायात चप्पलबी नाई. जाय तिकडं, झाडाखाली थांब.”

शब्द बुधरीला कळले नाहीत, हात कळला. खाकीतल्या माणसाने थांब म्हटलं की थांबायचं, हे जंगलातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. ती मागे फिरली. मैनी मात्र त्या थंड झुळकीशी अडकली. तेवढ्यात मोटारीतून एक कुटुंब उतरलं. नवरा-बायको, मागे पोरं, पोरांचे असेच फ्रॉक आणि असेच दिव्यांचे बूट. दार सरकलं, लच्छूने कडक सलाम ठोकला, आणि त्या पोरांच्या मागोमाग मैनीही आत गेली. लच्छूने तिचे बूट बघितले होते. त्याला काही चुकीचं वाटलं नाही.

आत गेल्यावर थोडा वेळ तिला मौज वाटली. मग तिने मागे बघितलं आणि मागे काको नव्हती. रंजीता कपाटात साबण लावत होती, तिला बादल्यांच्या रांगेमागून हुंदके ऐकू आले. जाऊन बघते तर पोर निळ्या बादलीला मिठी मारून उभी आणि तोंडाने एकच, “काको... काको...”

आजूबाजूला कोणी नव्हतं. रंजीता खाली बसली, आणि तिने काही ठरवायच्या आधीच तिच्या तोंडून आलं, “अडमा. अडमा.” रडू नको, रडू नको. तिची आजी तिला असंच म्हणायची.

मैनी चटकन गप्प झाली. आपल्यातलं माणूस भेटलं हे तिला कळलं. तिने रंजीताचं बोट धरलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. काको बाहेर आहे, झाडाखाली आहे, काठीवाल्याने तिला येऊ दिलं नाही, काकोच्या टोपलीत चारोळी आहे, तू चल ना. रंजीताची गोंडी आणि मैनीची माडिया यांत फरक आहे, पण एकाच घरातल्या दोन खोल्यांत असतो तेवढाच. तिला सगळं समजलं. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि ती दाराकडे निघालीसुद्धा. दाराशी गेली असती, लच्छूला हात केला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण वाटेत प्रवीणशेठ भेटले.

“अरे वा! लेकरू सापडलं का? कुठी होतं?” असं म्हणता म्हणता त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि पोरीला आपल्याकडे घेतलं. ओळखीचं बोट सुटलं तशी मैनीने पुन्हा भोकाड पसरलं. “काको! काको!”

“काका म्हणून राह्यली,” शेठ म्हणाले. “काकासंगं आली असन. चल, अनाउन्स कर.”

“मी बाहेर बघून येते ना शेठ, बाहेर कोणी असेल तर...”

“बाहेर कायले? आपली पद्धत नाई का? माइकवर जा. व्हिडिओत तुहा आवाज पाहिजे मले.” आणि मग त्यांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. “काऊन? तुले काही सांगतलं का हिनं?”

रंजीताने मान हलवली. “नाही.”

एवढंसं ‘नाही’. त्यात तिला काही फार वाटलं नाही. काको आणि काका यांत असा कितीसा फरक? काना-मात्रेचा. पुकारा ऐकून म्हातारी येईलच, काचेतून तिला नात दिसेलच, मग आपण कशाला गोंडी-माडियाचं गाठोडं सगळ्यांपुढे सोडायचं? ती माइकपाशी गेली आणि तिने तिच्या त्या धुतल्या तांदळासारख्या मराठीत पुकारा केला.

“ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. गुलाबी फ्रॉक घातलेली एक लहान मुलगी आमच्या काउंटरवर आहे. ती आपल्या काकांना शोधत आहे. काकांनी कृपया काउंटरशी यावे.”

दुकानात काका पुष्कळ होते. मैनीचा कोणी नव्हता. तिने लॉलीपॉप फेकून दिला आणि ती रंजीताकडे बघून बोलत राहिली, तिच्या बोलीत, भराभर. रंजीता माइकची वायर सरळ करत होती.

काउंटरभोवती माणसं जमली. त्यांत सत्यशीलाबाई होत्या. गल्लीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आई-बापांनी नाव सत्यशीला ठेवलं, पण बाईंचा खाक्या उचलली जीभ लावली टाळ्याला असा.

“किती घाबरली हो पोर! इतक्या वेळानं काका येत नाई म्हणजे काय? मी सांगतो ना, हे टोळीचं काम होय. काकापासून पळवून आणली असन, अन गर्दी पाहून सोडून देली.”

टोळी हा शब्द पडला आणि माणसं हलायची थांबली. ज्यांचं सामान घेऊन झालं होतं तेही थांबले.

बाहेर बुधरीने तोवर रस्ता पालथा घातला होता. मोटारींच्या खाली वाकून बघितलं, पाणपोईमागे बघितलं, दवाखान्याच्या फाटकापर्यंत हाका मारत जाऊन आली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेवटी तिने काचेला कपाळ लावलं आणि तिला आतमध्ये, पुरुषांच्या घोळक्यात, उंच काउंटरवर बसवलेली आपली नात दिसली. रडणारी.

ती दाराकडे धावली. लच्छूने काठी आडवी धरली. म्हातारीने ती काठी अशी ढकलली की लच्छू कुंडीवर जाऊन आदळला, टोपली उपडी झाली, आणि गुळगुळीत फरशीवर चारोळी पार काउंटरपर्यंत घरंगळत गेली. बुधरी चारोळीवरून घसरत, सावरत, माणसांना कोपरांनी बाजूला सारत पोचली आणि तिने मैनीला ओढून छातीशी घेतलं.

“काको!” मैनीने तिच्या गळ्याला मिठी मारली. “काको! काको!”

डोळ्यांनी बघितलं असतं तरी पुरे होतं. पण लोक कानांनी बघत होते.

“पाहा, पाहा!” सत्यशीलाबाई ओरडल्या. “म्हातारीनं धरलं तं काकाले बोलावून राह्यली पोर! सोडवा तिले!”

“मिठी मारून आहे ना पण ते,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

“हुंगवलं असन काही! तसंच करतेत थे!”

“हे बाई मघापासून दारापाशी घिरट्या घालून राह्यली होती,” लच्छू कोपर चोळत म्हणाला. झाडाखाली थांब असं आपणच सांगितलं होतं, हे त्याने गिळून टाकलं. ते सांगितलं असतं तर पोर आत कशी आली, हेही सांगावं लागलं असतं. “म्या हाकललं, तरी जाय ना.”

दोघा-तिघांनी मैनीला हिसकलं. फ्रॉकची बाही फाटली. पोर किंचाळत होती, म्हातारी सोडत नव्हती. शेवटी सुटली ती, आणि शेठांनी तिला रंजीताच्या हातात दिलं. म्हातारीला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. तिचं लुगडं सुटायला आलं होतं, ते तिला सावरूही दिलं नाही.

प्रवीणशेठांनी मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला. “बोल बाई. कोन होय तू? पोरीचा काका कुठी आहे? काका कोन?”

त्या सगळ्या कल्लोळात बुधरीला तेवढा एकच शब्द ओळखीचा वाटला. तिच्या गोंदलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. कोणीतरी एकदाचं नीट विचारलं. एक हात सोडवून घेऊन तिने आपल्या छातीवर आपटला.

“नन्ना काको!” ती म्हणाली. “नन्ना काको!” मी काको. मीच हिची काको.

सगळं दुकान हसलं.

“घ्या! मीच काका म्हणते!”

“लुगडं नेसलेला काका!”

बुधरीही त्यांच्याबरोबर हसली. लोकांना पटलं असं तिला वाटलं. हसता हसता तिने नातीकडे हात पुढे केले, आणि त्या हातांवर पहिली चपराक बसली.

“थांबा, थांबा,” शेठ म्हणाले. मारू नका म्हणून नव्हे. व्हिडिओला काहीतरी उलगडा हवा होता. “काय बोलून राह्यली ते तरी पाहू. रंजीता, तू मडावी ना? तुले येत असन यायची भाषा. विचार बरं.”

सगळी गर्दी रंजीताकडे वळली. मोबाइलही वळला. बायका तिला नखशिखान्त बघू लागल्या, या मुलीकडे आजवर आपलं लक्षच गेलं नव्हतं अशा नजरेने.

“हे?” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “हे तं त्यातली वाटत नाई बापा.”

मैनी रंजीताच्या कडेवरच होती. तिने आपले दोन्ही तळवे रंजीताच्या गालांवर ठेवले आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. ती काय म्हणाली ते तिथे दोनच माणसांना कळलं, एक म्हातारीला आणि एक रंजीताला. तू सांग ना यांना. तुला येतं ना. ही माझी काको आहे, सांग ना.

बुधरीने ते ऐकलं आणि ती एकदम रंजीताकडे बघू लागली. तिने हात जोडले. एका शब्दाचं काम होतं. ‘काको म्हणजे आजी’, बस्स. तेवढं बोलायला काही बारावी व्हावं लागत नाही.

रंजीताच्या घशात शब्द आला होता. पण मोबाइल तिच्यावर रोखलेला होता, आणि हा व्हिडिओ राजुऱ्यापर्यंत जाणार, तिच्या तोंडातली गोंडी गडचिरोलीभर ऐकली जाणार. मग ‘त्यातली वाटत नाही’ संपलं. मग ती आणि ही अनवाणी म्हातारी एका ओळीत. मला तिची कीव येत नाही, तिला काय वाटलं हे मात्र मला पुरतं कळतं. यात सगळ्यात वाईट तेच आहे.

“मले नाई समजत,” रंजीता म्हणाली.

घासूनपुसून घेतलेली मराठीसुद्धा त्या वेळी तिच्या मदतीला आली नाही. गावाकडची मराठी बोलीच आली. मैनीने तिचे गाल सोडले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरी झालीच नव्हती, तरी फाशीला गर्दी जमली. बुधरीला ओढत पायरीवर आणलं. आत मारायला शेठांनी मनाई केली होती. फरशी नवी होती. रस्त्यावरून जाणारे थांबले, काय झालं म्हणून न विचारता हात धुऊन घेऊ लागले. कोणी चपलेने मारलं, कोणी तिच्याच बांबूच्या टोपलीने. भाजी घ्यायला निघालेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने पिशवी नीट खाली ठेवली, दोन लाथा घातल्या आणि पिशवी उचलून तो बाजाराला गेला. बुधरी आधी ओरडत होती, मग फक्त काको, काको म्हणत होती. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तेवढंच होतं. मग कोणीतरी धक्का दिला आणि तिचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं.

हे सगळं काचेतून दिसत होतं. रंजीताने मैनीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं. एवढी दया तिने केली.

स्वाती चार्ज देऊन दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिला गर्दी दिसली. कोणी पडलं असेल, आपण बघावं, म्हणून नर्सच्या सवयीने ती पुढे घुसली. “सरका, सरका, नर्स आहे मी.” लोकांनी आदराने वाट दिली. तिने वाकून बघितलं.

“माही माय होय थे!” तिची किंकाळी दवाखान्यापर्यंत गेली. “माही माय! काऊन मारलं रे? काऊन मारलं माह्या मायले?”

जादू झाली. जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे बघता बघता कोणी उरलं नाही. चप्पल घालत, पिशव्या उचलत, पोरांना ओढत सगळे पांगले. “आमाले काय मालूम बापा,” एवढं एक वाक्य जो तो तिथे टाकून गेला. सत्यशीलाबाई सर्वांत आधी रिक्षात बसल्या. नर्सचा पांढरा कोट बघून त्यांना आठवलं, की मागच्या महिन्यात आपल्याला सलाइन लावली ती याच बाईने.

प्रवीणशेठ मैनीला घेऊन बाहेर आले. “मॅडम, रडू नका. लेकरू सुखरूप आहे ना तुमचं? पाहा, एक खरोचबी नाई येऊ देली आमी.” आणि ते खरं होतं. मैनीच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

बुधरीला समोरच्याच दवाखान्यात नेलं. रात्री स्वाती आईच्या खाटेशी बसली असताना मैनीने तिला सगळं सांगितलं, आपल्या बोलीत. काठीवाल्याचं, फरशीवर सांडलेल्या चारोळीचं. आणि एक मावशी होती तिचं. तिला आपलं बोलणं येतं, तिने मला ‘अडमा’ म्हटलं. पहाटे म्हातारी गेली. त्यानंतर मैनी बोलायची थांबली.

पोलीस आले, दुकानात एकेकाला विचारून गेले. गैरसमज झाला, सगळे म्हणाले. म्हातारी काय बोलत होती ते इथे कोणालाच समजत नव्हतं, असंही सगळे म्हणाले, आणि त्या सगळ्यांत रंजीताही होती. मारणारे कोण? बाहेरची गर्दी. गर्दीला नाव नसतं आणि पत्ताही नसतो. लच्छूने फरशीवरची चारोळी झाडून, निवडून घरी नेली. महाग वस्तू, टाकवत नाही. त्याच्या बायकोने त्या रविवारी शिऱ्यात घातली.

स्वातीने आईला गावी नेऊन मातीआड केलं. गावाबाहेर, जिथे माडिया लोक आपल्या माणसांच्या नावाने दगड उभे करतात, तिथे बुधरीचा दगड उभा राहिला. गावाने मैनीला जवळ घेतलं, तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, तिच्या आवडीचं रांधलं. ती ऐकायची आणि दुसरीकडे बघायची.

पाऊस सुरू झाल्यावर स्वाती कामावर परत आली, आणि एका दुपारी मैनीचा हात धरून आपुलकी बाजारात शिरली. लच्छूने दोघींचे पाय बघितले आणि सलाम केला. रंजीता आता काउंटरची मुख्य बाई झाली होती. तिच्या टेबलावर तिच्या नावाची छोटी पाटी होती, तिच्यावर नुसतं ‘रंजीता’. आडनाव शेठांनी गाळलं होतं, तिने विचारलं नव्हतं.

स्वाती तिच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मराठीतही बोलली नाही. आपल्या माडियात तिने विचारलं, ती मावशी तूच ना? मला फक्त एवढं सांग, तुला समजलं होतं का?

रंजीताच्या मागे शेठ होते, पुढे रांग होती. तिने स्वातीकडे बघितलं नाही, मैनीकडे बघितलं. पोरीच्या अंगावर तोच गुलाबी फ्रॉक होता, खांद्यावर बाही पुन्हा शिवलेली. रंजीताला वाटलं, आता तरी. ती काउंटरमागून बाहेर आली, बादल्यांच्या रांगेमागे बसली होती तशीच फरशीवर गुडघे टेकून बसली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अडमा. अडमा.” मग तिला धीर आला. आईशी गोदामात बोलायची त्या गोंडीत ती भडाभडा बोलू लागली. मला समजलं होतं, सगळं समजलं होतं, मी भ्याले. रांगेतली माणसं मान वाकडी करून बघू लागली. शेठांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मैनीने शांतपणे ऐकून घेतलं. तिचे डोळे कोरडे होते. काकोच्या मरणानंतर तिने प्रथमच तोंड उघडलं, आणि तिच्या आईने तिच्या तोंडून कधीच न ऐकलेली मराठी त्यातून आली. आवाज मैनीचा होता, शब्द आणि ते म्हणायची ढब रंजीताची.

“मले नाई समजत,” मैनी म्हणाली.

स्वातीने वाकून लेकीला माडियात काहीतरी विचारलं, मग पुन्हा विचारलं. मैनीने आईकडेही तसंच बघितलं आणि तेच सांगितलं. मग तिने आईचा हात धरला आणि तिला दाराकडे ओढलं. तिच्या बुटांचे लाल दिवे लागत, विझत पायरीपर्यंत गेले.

“काउंटरवर ये रंजीता,” प्रवीणशेठ म्हणाले. “रांग थांबली.”